प्रकाशाचा चिमटा आणि सिकलसेलची कळ

सिकलसेलचे दुखणे बाहेरून दिसत नाही. हात मोडला तर प्लास्टर दिसते, ताप असेल तर कपाळाला हात लावून कळते. सिकलसेलच्या रुग्णाला कळ येते तेव्हा अंगावर जखम नसते, एक्स-रेमध्येही बहुधा काही सापडत नाही आणि चार दिवसांनी तोच मुलगा गल्लीत खेळताना दिसतो. मग घरचे म्हणतात, शाळा चुकवायला सोंग करतो. सुनेला कळ आली तर सासरचे म्हणतात, कामाचा कंटाळा आहे. "नाटक आहे, इंजेक्शनची सवय लागली आहे," हे शब्द आम्ही वॉर्डात काम करताना एका रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांच्या तोंडूनही ऐकले आहेत.

या अंकात आम्ही एका उपकरणाची ओळख करून देणार आहोत. या उपकरणाने रक्तातली एकच तांबडी पेशी नुसत्या प्रकाशाने पकडता येते, ओढता येते आणि ती किती मऊ किंवा किती ताठ आहे हे मोजता येते. इंग्रजी पुस्तकांत त्याला ऑप्टिकल ट्विझर म्हणतात. आपण त्याला प्रकाशाचा चिमटा म्हणू. विषय भौतिकशास्त्राचा वाटेल, पण त्याचा आपल्या घरातल्या दुखण्याशी थेट संबंध आहे.

प्रकाशालाही धक्का असतो

वारा ढकलतो, पाणी ढकलते, हे आपल्याला माहीत आहे. प्रकाशही ढकलतो. आपण उन्हात उभे राहिलो तर ऊब जाणवते, धक्का जाणवत नाही, कारण तो फार म्हणजे फारच कमी असतो. धूमकेतूची शेपटी नेहमी सूर्याच्या उलट दिशेला असते हे पाहून केप्लर या शास्त्रज्ञाने चारशे वर्षांपूर्वीच म्हटले होते की सूर्याचा प्रकाशच ती शेपटी मागे लोटत असला पाहिजे. पुढे १९०० च्या सुमारास रशियातल्या लेबेदेव या शास्त्रज्ञाने प्रकाशाचा हा धक्का प्रयोगशाळेत मोजून दाखवला.

या धक्क्याने भांडे हलणार नाही, कागदही हलणार नाही. पण वस्तू फारच लहान असेल तर? मुंगीला फुंकर म्हणजे वादळ. तसेच मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या कणाला प्रकाशाचा धक्का पुरेसा होतो. त्यासाठी प्रकाश मात्र खूप तीव्र आणि एका जागी गोळा केलेला हवा. साध्या बल्बचा प्रकाश सगळीकडे पसरतो. लेझरचा प्रकाश एका रंगाचा आणि एका दिशेने जाणारा असतो, म्हणून भिंगातून तो अगदी बारीक ठिपक्यावर आणता येतो. पहिला लेझर १९६० मध्ये तयार झाला.

अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत आर्थर अॅश्किन नावाचे शास्त्रज्ञ होते. १९७० मध्ये त्यांनी पाण्यातले बारीक पारदर्शक मणी लेझरने ढकलून दाखवले. तेव्हा त्यांना एक वेगळीच गोष्ट दिसली. मणी प्रकाशाच्या दिशेने पुढे जात होते, पण बाजूला असलेले मणी झोताच्या मधोमध ओढलेही जात होते. प्रकाश ढकलतो हे ठाऊक होते. तो ओढतोही, हे नवीन होते.

चिमटा धरतो कसा?

नळाला लावलेल्या रबरी नळीतून पाणी जोरात सोडले की नळी हातात उलट झटका देते. पाणी एका बाजूला गेले की नळीला दुसऱ्या बाजूला धक्का बसतो. प्रकाशाचेही तसेच आहे. प्रकाशाचा किरण काचेच्या मण्यातून जाताना वळतो. मण्याने किरणाला डावीकडे वळवले तर मण्याला उजवीकडे झटका बसतो.

आता समजा, मणी झोताच्या मधल्या भागापासून थोडा डावीकडे आहे. झोत मधोमध जास्त तेजस्वी असतो. म्हणजे मण्याच्या उजव्या बाजूवर जास्त प्रकाश पडतो आणि तो मण्यातून जाताना डावीकडे वळतो. म्हणून मण्याला उजवीकडचा झटका जास्त बसतो आणि तो झोताच्या मध्याकडे सरकतो. उजवीकडे गेला तर याच कारणाने परत डावीकडे येतो. झोत भिंगाने फार जोरात एकवटला तर पुढे-मागेही असेच होते. मग तेजस्वी ठिपक्यापाशी मणी अडकून राहतो, खोलगट वाटीत टाकलेली गोटी तळाशी येऊन थांबावी तसा. ठिपका हलवला की मणीही त्याच्यामागे येतो.

एकाच झोताने कण असा पकडून ठेवण्याचे काम अॅश्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये केले. त्या वेळी अॅश्किन ६३ वर्षांचे होते. या कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते २०१८ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी.

या चिमट्याचा जोर किती? शंभर ग्रॅमचे वजन हातावर ठेवले की जो भार जाणवतो तो साधारण एक न्यूटन. त्याचे एक लाख कोटी भाग करा. त्यातल्या एका भागाला पिकोन्यूटन म्हणतात. प्रकाशाचा चिमटा अशा काही पिकोन्यूटनांपासून शंभर-दोनशे पिकोन्यूटनांपर्यंतच्या जोराने काम करतो. पेशीच्या जगात तेवढा जोर भरपूर आहे.

जिवंत पेशी धरायची तर

१९८७ मध्ये अॅश्किन यांनी तंबाखूच्या पानांवर रोग पाडणारा विषाणू चिमट्यात पकडला. त्याच नमुन्यातले जिवाणूही सापळ्यात येऊन अडकले. पण हिरव्या लेझरच्या प्रकाशाने जिवाणू मरू लागले. तेव्हा त्यांनी डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश वापरला. पेशी हा प्रकाश फार कमी शोषतात, त्यामुळे त्या भाजत नाहीत. या प्रकाशात जिवाणू आणि यीस्टच्या पेशी नुसत्या जिवंत राहिल्या असे नाही, सापळ्यात असतानाच त्यांची वाढ होऊन एकीच्या दोन झाल्या. तांबड्या रक्तपेशीही अशाच पकडता आल्या. तेव्हापासून हे उपकरण जीवशास्त्राच्या आणि वैद्यकाच्या प्रयोगशाळांत शिरले.

तांबड्या पेशीचे काम मऊपणावर चालते

तांबडी पेशी मधोमध दबलेल्या चकतीसारखी असते. तिची रुंदी सात ते आठ मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत अशा दहाएक पेशी ओळीने बसतील. फुप्फुसातून प्राणवायू घ्यायचा आणि अंगभर पोहोचवायचा हे तिचे काम. पण सगळ्यात बारीक रक्तवाहिन्या, म्हणजे केशवाहिन्या, कित्येक ठिकाणी तिच्यापेक्षा अरुंद असतात. पांथरीतल्या फटी तर त्याहूनही अरुंद. तरीही निरोगी पेशी दुमडून, लांबट होऊन त्यातून निघते आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा गोल होते. साधारण १२० दिवस ती हे काम करते.

हा मऊपणा मोजायला शास्त्रज्ञांनी प्रकाशाचा चिमटा वापरला. पेशीच्या दोन टोकांना काचेसारखे दोन सूक्ष्म मणी चिकटवायचे, एक मणी जागेवर ठेवायचा, दुसरा चिमट्याने ओढायचा. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ सुब्रा सुरेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ च्या सुमारास असे मोजमाप केले. निरोगी पेशी जवळजवळ दुप्पट लांब ताणली गेली आणि सोडल्यावर पुन्हा पूर्ववत झाली.

सिकलसेलमध्ये हाच मऊपणा जातो. तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. त्याच्या एका साखळीतील सहाव्या जागेवर एक घटक बदललेला असतो, एवढाच मूळ फरक. पण त्यामुळे प्राणवायू सोडल्यावर हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दांडे तयार करते. आतून दांड्यांनी भरलेली पेशी कोयत्यासारखी वाकडी आणि ताठ होते. ती केशवाहिनीत अडकते, तिच्यामागे दुसऱ्या अडकतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. हाड, छाती, पोट, पाठ, जिथे रक्त पोहोचत नाही तिथे कळ उठते. ताठ पेशी लवकर फुटतातही. १२० दिवसांऐवजी त्या १० ते २० दिवसच टिकतात, म्हणून रक्त कमी राहते आणि डोळे पिवळे दिसतात.

ब्राझीलमध्ये काय दिसले?

ब्राझीलमध्ये सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांच्या वंशजांत तो मोठ्या प्रमाणात आढळतो. तिथल्या कॅम्पिनास शहराच्या विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी रुग्णांच्या, वाहकांच्या आणि निरोगी माणसांच्या तांबड्या पेशी प्रकाशाच्या चिमट्यात पकडून दाट द्रवातून ओढल्या. नदीच्या प्रवाहात ओढलेले कापड जसे लांबते तशी मऊ पेशी लांबते. ताठ पेशी कमी लांबते. ती किती लांबली यावरून मऊपणा कळतो.

रुग्णांच्या पेशी निरोगी माणसांच्या पेशींपेक्षा स्पष्टपणे ताठ निघाल्या. वाहकांच्या पेशींतही फरक सापडला, पण त्यामुळे वाहकांनी घाबरू नये. वाहक हा एरवी निरोगीच असतो. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. जे रुग्ण काही महिन्यांपासून हायड्रॉक्सियुरिया हे औषध घेत होते, त्यांच्या पेशींचा मऊपणा निरोगी माणसांच्या जवळपास आला होता. या अभ्यासात रुग्ण थोडेच होते. पण हायड्रॉक्सियुरियाने कळा कमी येतात हे त्याआधीच मोठ्या वैद्यकीय चाचण्यांत सिद्ध झाले होते. चिमट्याने त्याचे एक कारण पेशीपाशी दाखवले.

म्हणून आम्ही म्हणतो, रुग्णाची कळ हे सोंग नाही. तिच्यामागे ताठ झालेली पेशी आहे आणि तो ताठपणा मोजता येतो. ज्या मुलाला आपण "उठ, काही झालेले नाही" म्हणतो, त्याच्या हाडात त्या वेळी रक्त पोहोचत नसते.

मलेरियाचा धागा

मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये मलेरियाचा जंतू शिरलेल्या तांबड्या पेशी प्रकाशाच्या चिमट्यात धरल्या. निरोगी आणि बाधित, दोन्ही पेशी सापळ्यात दुमडून काडीसारख्या झाल्या. पण बाधित पेशी गरगर फिरू लागली, निरोगी पेशी फिरली नाही. सुब्रा सुरेश यांच्या गटाने मोजले तेव्हा मेंदूच्या मलेरियाचा जंतू पूर्ण वाढलेली पेशी निरोगी पेशीच्या दहापटींपर्यंत ताठ झालेली आढळली.

मलेरिया आणि सिकलसेल यांचा संबंध जुना आहे. सिकलसेलचे एकच जनुक असलेल्या माणसाला, म्हणजे वाहकाला, जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. हे १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून पुढे आले. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे वाहक जास्त जगले आणि हे जनुक टिकले. आफ्रिकेत, अरबस्तानात, भूमध्य समुद्राच्या काठी आणि भारताच्या मलेरियाच्या पट्ट्यात ते यामुळेच आढळते.

विदर्भात आपल्या बौद्ध समाजात, गोंड आणि इतर आदिवासी समाजांत सिकलसेल पुष्कळ आहे. तेली, कुणबी अशा इतर समाजांतही तो आहे. तरीही कोणी याला "तुमच्या लोकांचा रोग" म्हणते, आणि आपल्यातलेच काही जण मागच्या जन्माचे पाप, करणी किंवा देवाचा कोप म्हणतात. दोन्ही खोटे आहे. हा मलेरियाचा आणि जनुकांचा इतिहास आहे. प्रत्येक गोष्टीला कारण असते आणि कारण कळले तर उपाय सापडतो, हे तथागतांनी शिकवले. रोज वंदनेत आपण धम्माला एहिपस्सिको म्हणतो, म्हणजे येऊन पाहा. मग आपल्या घरच्या रक्ताकडेही न लाजता पाहायला हवे.

लेझर हा सिकलसेलवरचा इलाज नाही

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. प्रकाशाचा चिमटा हे अभ्यासाचे उपकरण आहे. तो मायक्रोस्कोपखाली काही पेशी धरतो. अंगातल्या अब्जावधी पेशी त्याने सरळ करता येत नाहीत. "लेझरने रक्त शुद्ध करतो", "लेझरचे घड्याळ मनगटावर बांधा, सिकलसेल जाईल" असे कोणी सांगितले तर त्याला एक रुपयाही देऊ नका. रोगनिदानासाठीही या चिमट्याची गरज नाही. त्यासाठी साधी तपासणी आहे आणि ती सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य होते.

आपण काय करायचे?

पहिले काम तपासणीचे. बोटातल्या थेंबभर रक्तावर सोल्युबिलिटी टेस्ट होते. त्यात सिकलचे हिमोग्लोबिन आहे की नाही एवढेच कळते. आहे असे आले तर माणूस वाहक आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीने कळते. वाहकाला एएस म्हणतात, रुग्णाला एसएस. पहिली टेस्ट सहा महिन्यांखालच्या बाळात भरवशाची नसते, म्हणून बाळासाठी डॉक्टरांचा सल्ला घ्या. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले आहे. त्यात बाधित भागातल्या चाळीस वर्षांपर्यंतच्या सर्वांची तपासणी अपेक्षित आहे. आशाताईंना विचारा, आणि शिबिर होत नसेल तर विहार समितीने आरोग्य केंद्राला लेखी पत्र द्यावे.

दुसरे काम लग्न ठरवण्याआधीचे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के. पहिले मूल रुग्ण झाले म्हणजे पुढची तीन सुटली, असे नसते. दर वेळी तोच हिशेब नव्याने लागू होतो. एक जण वाहक आणि दुसरा निरोगी असेल तर मूल रुग्ण होत नाही. म्हणून बायोडेटाबरोबर रक्ताचा रिपोर्टही पाहा, आणि मुलाचा तसाच मुलीचाही पाहा. रिपोर्ट वाहकाचा आला म्हणून फक्त मुलीला नाकारणे हा अन्याय आहे. दोघे वाहक असून लग्न झालेले असेल तर गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतच डॉक्टरांना सांगा. गर्भाची तपासणी करता येते.

तिसरे काम रुग्णाच्या सांभाळाचे. दिवसभर भरपूर पाणी प्यायला द्या. शाळेत पाण्याची बाटली आणि लघवीला जाण्याची मोकळीक मिळावी म्हणून शिक्षकांशी बोला. थंडी, पावसात भिजणे, उन्हात राबणे आणि अति दमणूक टाळा. फॉलिक अॅसिडच्या गोळ्या आणि बालकांच्या सर्व लसी चुकवू नका. हायड्रॉक्सियुरियाबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. हे औषध रोज घ्यावे लागते, मधून मधून रक्त तपासावे लागते, आणि गरोदर राहायचे असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे लागते. कळ थांबली म्हणून ते मनाने बंद करू नका.

पुढची लक्षणे दिसली तर घरी थांबू नका, रात्र असली तरी दवाखाना गाठा:

– १०१ च्या वर ताप
– छातीत दुखणे किंवा धाप लागणे
– पोटाची डावी बाजू अचानक फुगणे आणि अंग पांढरे पडणे
– हात-पाय लुळा पडणे, बोबडे बोलणे, तोंड वाकडे होणे
– मुलांमध्ये किंवा पुरुषांमध्ये लिंगाचा ताठपणा कित्येक तास न उतरणे. लाजेपोटी हे लपवले जाते, पण यात कायमची इजा होऊ शकते
– घरच्या औषधाने न थांबणारी कळ

चौथे काम हक्काचे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे. रुग्णाला दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. कागदपत्रांत रक्ताचा एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसचा रिपोर्ट जपून ठेवा. आणि वॉर्डात कोणी "नाटक करतो" म्हणाले तर गप्प बसू नका. रिपोर्ट दाखवा, रुग्णाला वेदना होत आहेत असे केसपेपरवर लिहायला सांगा, वेदनेवर औषध मागा. वेदनाशामक मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे, मेहरबानी नाही.

महिला मंडळांना आमची एक विनंती आहे. येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर वस्तीतल्या सिकलसेलच्या कुटुंबांना पुढे बसवा आणि त्यांचे म्हणणे ऐका. कोणाला औषध मिळत नाही, कोणाची शाळा सुटली, कोणाची तपासणीच झाली नाही, याची वहीत नोंद करा. ती वही घेऊन आरोग्य केंद्रात जा. एकट्या आईला परत पाठवणे सोपे असते. वीस जणी गेल्यावर ते जमत नाही.

जयभीम.